हेमिंग्वेच्या स्वस्त आवृत्त्या: कुठली घ्यावी, कुठली दुकानातच ठेवावी

अमेरिकन कथा-कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे २ जुलै १९६१ रोजी वारला. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. म्हणजे त्याच्या हयातीत छापून आलेली सगळी पुस्तके १ जानेवारी २०२२ पासून भारतात मोकळी झाली. तेव्हापासून पणजी-मडगावच्या दुकानांत आणि पुस्तक प्रदर्शनांच्या टेबलांवर 'द ओल्ड मॅन अँड द सी' एकाच वेळी वेगवेगळ्या मुखपृष्ठांत दिसू लागले. देशी पुनर्मुद्रण साधारण दीडशे-दोनशे रुपयांना, शेजारी ब्रिटिश किंवा अमेरिकन आवृत्ती चारशे ते सहाशेला. आतला मजकूर एकच, मग दुप्पट-तिप्पट पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की मजकूर एकच असेल याची खात्री नसते, आणि या लेखकाच्या बाबतीत लहानसा फरकही भोवतो.

का भोवतो, ते आधी सांगायला हवे. ऑक्टोबर १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हेमिंग्वे 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकात बातमीदार म्हणून लागला. तिथे तो जेमतेम सहा महिने होता, पण त्या दैनिकाच्या लेखन-नियमावलीतला पहिलाच नियम 'वाक्ये लहान ठेवा' असा होता आणि तो त्याच्या हाडीमाशी खिळला. पुढे १९३२ साली 'डेथ इन द आफ्टरनून'मध्ये त्याने आपली पद्धत सांगितली: हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर दिसतो आणि त्यामुळेच त्याच्या चालीला डौल असतो. लेखकाला माहीत असलेले त्याने गाळले तरी वाचकाला ते जाणवते, अशी त्याची धारणा होती. जो लेखक इतके गाळून लिहितो, त्याचे जे छापले आहे ते सगळे कामाचे असते. दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा, तिरपा ठसा (इटालिक), संवादात ओळ कुठे मोडते, अर्पणपत्रिका, सगळेच. डिकन्सच्या कादंबरीत एखादी ओळ गळाली तर कथा पुढे जाते. इथे एक ओळ गळाली की कोण बोलतेय तेच कळेनासे होते.

स्वस्त पुनर्मुद्रणे बहुतेक अशी तयार होतात: जुनी प्रत स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरे ओळखून घ्यायची किंवा महाजालावर तयार असलेली फाइल उचलायची, ती पानांत ओतायची आणि छापायला पाठवायची. मधला मुद्रितशोधनाचा टप्पा काही प्रकाशक नीट करतात, काही मुळीच करत नाहीत. रोमन लिपीतली 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी आली की यंत्र त्यांचा 'एम' करते, 'एच'चा 'बी' करते. ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दाची जोडरेघ ओळीच्या मध्ये येऊन बसते. जुन्या प्रतीचा पानक्रमांक वाक्याच्या पोटात शिरतो. या चुका निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणाऱ्या चुका जास्त वाईट.

पाठीमागची लेखक-ओळख वाचा

दुकानात पुस्तक हातात घेतले की आधी मागचे मुखपृष्ठ वाचावे. प्रकाशकाने किती मेहनत घेतली आहे ते त्या आठ-दहा ओळींत कळते. तीन चुका वारंवार दिसतात.

पहिली, हेमिंग्वे पहिल्या महायुद्धात 'सैनिक म्हणून लढला'. तो लढला नाही. तो अमेरिकन रेड क्रॉसचा रुग्णवाहिका चालक म्हणून इटलीत गेला, आणि ८ जुलै १९१८ रोजी पियावे नदीकाठी फोस्साल्ता येथे सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत असताना तोफगोळ्याने जखमी झाला. एकोणिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. 'अ फेअरवेल टू आर्म्स'चा नायकही रुग्णवाहिका दलातला आहे, त्यामुळे हा तपशील फुटकळ नाही.

दुसरी चूक, 'द ओल्ड मॅन अँड द सी या कादंबरीला नोबेल मिळाले'. त्या पुस्तकाला १९५३ चे पुलित्झर मिळाले. १९५४ चे नोबेल त्याच्या कथनकलेवरील प्रभुत्वासाठी आणि समकालीन शैलीवर पडलेल्या प्रभावासाठी होते. मानपत्रात या पुस्तकाचा उल्लेख त्या प्रभुत्वाचा सर्वात अलीकडचा दाखला म्हणून आहे. त्याच वर्षी जानेवारीत आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघातांत तो जबर जखमी झाला होता. पुरस्कार घ्यायला तो स्टॉकहोमला गेला नाही. त्याचे भाषण अमेरिकेच्या राजदूताने वाचून दाखवले.

तिसरी, न वापरलेल्या बाळबुटांची सहा शब्दांची गोष्ट. ती हेमिंग्वेची असल्याचा कसलाही पुरावा नाही. मागच्या पानावर ती त्याच्या नावावर छापली असेल, तर आतही कुणी फारसे तपासलेले नसणार असे धरून चालावे.

अर्पणपत्रिका गाळलेली प्रत घेऊ नये

पाने वाचवण्यासाठी पुनर्मुद्रणांत सर्वात आधी जाते ते अर्पणपत्रिकेचे पान. हेमिंग्वेच्या बाबतीत हे फार मोठे नुकसान आहे, कारण त्याचे आयुष्य त्या पानांवर सलग वाचता येते. 'द सन ऑल्सो रायझेस' (१९२६) पहिली पत्नी हॅडली आणि मुलगा जॉन यांना अर्पण केले आहे. पुस्तक बाहेर पडले तेव्हा ते लग्न मोडत आले होते, आणि घटस्फोटाच्या वेळी या कादंबरीचे मानधन त्याने हॅडलीला देऊन टाकले. 'अ फेअरवेल टू आर्म्स' (१९२९) वर जी. ए. फायफर हे नाव आहे, ते दुसरी पत्नी पॉलीन हिचे काका. 'डेथ इन द आफ्टरनून' खुद्द पॉलीनला. 'फॉर हूम द बेल टोल्स' (१९४०) मार्था गेलहॉर्नला, जिच्याशी त्याने त्याच वर्षी लग्न केले. 'अक्रॉस द रिव्हर अँड इनटू द ट्रीज' (१९५०) मेरीला, चौथ्या आणि शेवटच्या पत्नीला. आणि 'द ओल्ड मॅन अँड द सी' चार्ली स्क्रिब्नर आणि मॅक्स पर्किन्स यांना, म्हणजे प्रकाशकाला आणि संपादकाला. पर्किन्सला जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. ही नावे वगळून छापलेले पुस्तक अपुरे आहे, मग ते कितीही स्वस्त असो.

अर्पणपत्रिकेच्या पुढच्या पानावरची अवतरणेही तपासावीत. 'द सन ऑल्सो रायझेस'मध्ये दोन आहेत: लेखिका गर्ट्रूड स्टाइनचे 'लॉस्ट जनरेशन'विषयीचे वाक्य आणि त्याखाली बायबलमधला उपदेशकाचा उतारा. हेमिंग्वेने ती एकमेकांसमोर मुद्दाम ठेवली, एक पिढी वाया गेली म्हणते, दुसरे पृथ्वी सदैव टिकून राहते म्हणते. पुस्तकाचे नाव दुसऱ्यातून आले आहे. फक्त स्टाइनचे वाक्य ठेवलेली आवृत्ती लेखकाच्या म्हणण्याच्या उलट अर्थ देते. 'फॉर हूम द बेल टोल्स'मध्ये इंग्रज कवी जॉन डनचा उतारा नसेल तर शीर्षकच अधांतरी राहते.

कथा: इथे पैसे वाचवू नयेत

हेमिंग्वेचे सगळ्यात अव्वल काम कथांमध्ये आहे, आणि स्वस्त छपाईत सगळ्यात जास्त मार तेच खाते.

'इन अवर टाइम' घ्या. या नावाची दोन पुस्तके आहेत. १९२४ मध्ये पॅरिसला १७० प्रतींची एक छोटी पुस्तिका निघाली, तिच्यात १८ लहान तुकडे होते. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला निघाले ते खरे कथांचे पुस्तक. त्यात आधीच्या अठरांपैकी दोन तुकडे स्वतंत्र कथा झाले आणि उरलेले सोळा तुकडे कथांच्या मध्ये, तिरप्या ठशात, 'चॅप्टर' असा क्रमांक देऊन आणि शेवटचा 'लॉनव्वा' म्हणून बसवले गेले. पुनर्मुद्रणाच्या धंद्यात पुस्तिकाच पूर्ण पुस्तकाच्या नावाने विकली जाऊ शकते. तीस-चाळीस पानांचे 'इन अवर टाइम' दिसले तर ते हेच. आणि जाड पुस्तक असले तरी शेवटची कथा उघडून बघावी. 'बिग टू-हार्टेड रिव्हर' दोन भागांत आहे, आणि त्या दोन भागांच्या मध्ये पंधरावा तुकडा यायला हवा, सॅम कार्डिनेला नावाच्या माणसाला फाशी देतात तो. कथेचा नायक निक नदीकाठी तंबू ठोकून निवांत झोपी जातो, पान उलटले की फाशीचा तुरुंग, आणि पुन्हा पान उलटले की सकाळ आणि नदी. युद्धाचा एक शब्द न उच्चारता युद्धातून आलेल्या माणसाची कथा अशी सांगितली आहे. ते पान नसेल तर उरते ती फक्त ट्राउट मासे धरण्याची कथा.

'द स्नोज ऑफ किलिमांजारो' (१९३६) ही दुसरी कसोटी. मरणाच्या दारात पडलेल्या लेखकाच्या आठवणी तिरप्या ठशात आहेत, छावणीत चाललेला वर्तमान सरळ ठशात. फाइल एका आज्ञावलीतून दुसरीत ओतताना तिरपा ठसा सहज उडून जातो, आणि मग पॅरिस, ऑस्ट्रियातला बर्फ, आफ्रिकेतली खाट एकमेकांत मिसळून वाचक गोंधळतो. कथेच्या शिरोभागी बिबट्याच्या वाळून गोठलेल्या कलेवराचा छोटा उतारा हवाच. त्यात पर्वताची उंची १९,७१० फूट दिली आहे. आजच्या मोजणीने किलिमांजारो ५,८९५ मीटर, म्हणजे सुमारे १९,३४१ फूट भरतो. तरीही छापील प्रतीत लेखकाचाच आकडा हवा.

संवादांसाठी 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' उघडावी. एब्रो नदीच्या खोऱ्यातले रेल्वे स्थानक, बार्सिलोनाहून येणारी गाडी चाळीस मिनिटांवर, एक पुरुष, एक मुलगी. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' फार थोड्या ठिकाणी आहे. बाकी सगळी भिस्त ओळ कुठे सुटते यावर. दोन ओळी चिकटून एक झाल्या की तिथून पुढे तिचे बोलणे त्याच्या तोंडी जाते. एक पान बोट ठेवून आलटून-पालटून मोजत वाचावे. कळायला दोन मिनिटे पुरतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. 'अ क्लीन, वेल-लाइटेड प्लेस'मध्ये दोन वेटरांच्या बोलण्यात, म्हाताऱ्याला त्याच्या पुतणीने दोरावरून खाली उतरवले याविषयीची एक ओळ दोन आवृत्त्यांत दोघांच्या तोंडी वेगवेगळी आढळते. ही छपाईची चूक नाही. १९३३ च्या मूळ पाठात ती ओळ ज्याच्या वाट्याला येते त्याला आत्महत्येच्या प्रयत्नाची आधी माहिती असणे जुळत नाही, असे म्हणून अभ्यासकांनी बरीच वर्षे वाद घातला आणि १९६५ मध्ये स्क्रिब्नरने ती ओळ आधीच्या बोलण्याला जोडली. हेमिंग्वे एकाच पात्राला लागोपाठ दोन ओळी देत असे, मूळ पाठच बरोबर, असे मानणारेही पुष्कळ आहेत. देशी पुनर्मुद्रण कुठल्या प्रतीवरून केले आहे त्यावर कुठला पाठ मिळेल ते ठरते.

कथांसाठी सरळ १९८७ ची 'फिंका व्हिहिया' आवृत्ती घ्यावी. क्युबातल्या त्याच्या घराचे हे नाव. १९३८ च्या संग्रहातल्या ४९ कथा, त्यानंतरच्या कथा आणि हयातीत न छापलेल्या काही, असे सगळे एका ग्रंथात आहे, मधले तुकडे आपापल्या जागी आहेत. तिच्यातल्या मरणोत्तर कथांवर अजून कॉपीराइट आहे, म्हणून 'संपूर्ण कथा' असे नाव लावलेल्या दोनशे रुपयांच्या पुस्तकात त्या असू शकत नाहीत. असल्याच तर ते चोरीचे छापलेले आहे.

कादंबऱ्या

'अ फेअरवेल टू आर्म्स'मध्ये, विशेषतः कापोरेत्तोहून इटालियन सैन्याने घेतलेल्या माघारीच्या भागात, शब्दांच्या जागी लांब रेघा दिसतात. पाने खराब झाली असे समजून प्रत परत करू नये. सैनिकांच्या शिव्या स्क्रिब्नरने १९२९ मध्ये छापल्या नाहीत, त्या जागी रेघा ओढल्या. त्याआधी मासिकात क्रमशः येत असताना बॉस्टनमध्ये जूनचा अंक विक्रीतून हटवला गेला होता, म्हणून प्रकाशक धास्तावले होते. ज्याला या कादंबरीचा ध्यास आहे त्याने २०१२ ची 'हेमिंग्वे लायब्ररी' आवृत्ती पाहावी. तिच्यात लेखकाने लिहून टाकून दिलेले ४७ शेवट छापले आहेत. किंमत जास्त आहे, पण कादंबरीचे शेवटचे पान इतके कोरडे कसे झाले हे त्यांवरून दिसते: आधीच्या मसुद्यांत सांत्वन होते, देव होता, बाळ जगत होते, आणि एकेक करून ते सगळे काढले गेले.

'फॉर हूम द बेल टोल्स'मध्ये पात्रे शिव्यांच्या जागी चक्क 'ऑब्सेनिटी' हा शब्द उच्चारतात आणि जुनाट 'दाऊ-दी' वापरतात. स्पॅनिश बोलीची घडण इंग्रजीत दाखवण्याची ती युक्ती आहे. इथे स्वस्त आवृत्तीचा खरा दोष अक्षराचा असतो. पहिली आवृत्ती ४७१ पानांची होती. तीच कादंबरी साडेतीनशे पानांत कोंबलेली असेल तर टंक बारीक आणि आतला समास अरुंद असणार. मधली पाने वाचायला पुस्तक दाबून उघडावे लागते आणि शंभरेक पानांत पाठीचा गोंद तडकतो. ४३ प्रकरणे, जेमतेम तीन दिवसांची गोष्ट, संथ वाचायची. डोळ्यांवर ताण देणारी प्रत अर्ध्यात सुटते. या एका कादंबरीसाठी ब्रिटिश 'ॲरो'ची कागदी आवृत्ती घेणे शहाणपणाचे.

'द सन ऑल्सो रायझेस' १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये जोनाथन केपने 'फिएस्ता' या नावाने काढली. ब्रिटिश प्रतींवर ते नाव अजून असते. गोव्यात हे मुद्दाम सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या जुन्या बाजारात ब्रिटिश प्रती पुष्कळ. 'फिएस्ता' ही वेगळी कादंबरी समजून एकच पुस्तक दोनदा घेतले जाते. १९ प्रकरणे, तीन भाग, सुरुवात रॉबर्ट कोह्न एकेकाळी प्रिन्स्टनचा मिडलवेट मुष्टियुद्ध विजेता होता या वाक्याने. हे तीन दाखले जुळले की पुस्तक तेच.

'टू हॅव अँड हॅव नॉट' आणि 'अक्रॉस द रिव्हर' सगळे वाचून झाल्यावर घ्यावीत, आणि ती स्वस्तात घ्यायला हरकत नाही.

'द ओल्ड मॅन अँड द सी': इथे मात्र दीडशे रुपये पुरेत

हे पुस्तक सुमारे २७,००० शब्दांचे. 'लाइफ' साप्ताहिकाने १ सप्टेंबर १९५२ च्या अंकात ते पूर्ण छापले आणि दोन दिवसांत पन्नास लाखांवर प्रती खपल्या. त्यात प्रकरणे नाहीत, तिरप्या ठशाची कसरत नाही, संवाद थोडे. त्यामुळे बऱ्यापैकी काळजी घेतलेले देशी पुनर्मुद्रण इथे पुरते. पहिली आवृत्ती १४० पानांची होती. आजच्या टंकात नव्वद ते सव्वाशे पाने ठीक. साठ-सत्तर पाने असतील तर दोन शक्यता: अक्षर मुंगीएवढे, नाहीतर पुस्तक शाळेसाठी संक्षिप्त केलेले. संक्षिप्त असल्याची नोंद बहुधा आतल्या पानावर बारीक अक्षरात असते.

संक्षिप्त प्रत ओळखायची खूण गोव्याच्या वाचकाला सहज जमेल. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा कोळी सांतियागो पंच्याऐंशीव्या दिवशी खोल समुद्रात चार गळ सोडतो: पहिला ४० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट), दुसरा ७५, तिसरा आणि चौथा १०० आणि १२५ वाव खोल. आमिषाच्या माशात आकडा पूर्ण लपेल असा कसा ओवायचा, दोर काठीला कसा अडकवायचा, शेजारच्या गुंडाळ्या कशा जोडून ठेवायच्या, प्रवाहात दोर उभा कसा राखायचा, हे सगळे पानभर आहे. बाणावली-कोलव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्या किंवा होडीतून गरी टाकणाऱ्यांच्या शेजारी राहिलेल्या माणसाला या पानावर हेमिंग्वे ऐकीव लिहीत नाही हे लगेच कळते. १९२८ पासून की वेस्टला आणि नंतर क्युबात त्याने गल्फ स्ट्रीममध्ये वर्षानुवर्षे गळ टाकले होते. संक्षेप करणारा नेमके हेच पान कापतो, कारण 'गोष्ट' त्यात नाही. चार गळांच्या खोलीचे चार आकडे पुस्तकात असतील तर ते पूर्ण आहे असे समजावे. मासा १८ फूट, होडीपेक्षा दोन फूट लांब, हाही आकडा पाहावा.

मराठीत पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'एका कोळियाने' हा अनुवाद आहे आणि तो मूळ पुस्तकाशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे. हेमिंग्वे मोकळा झाला म्हणून हा अनुवाद मोकळा झालेला नाही. पुलं २००० साली गेले, त्यांचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. फोनवर फिरणारी त्याची पीडीएफ म्हणूनच वैध नाही. मूळ पुस्तकाचा नवा मराठी किंवा कोंकणी अनुवाद करायला मात्र आता परवानगी लागत नाही.

मरणोत्तर पुस्तके

इथे कायदा वेगळा आहे. लेखकाच्या मागे छापलेल्या पुस्तकांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. 'अ मूव्हेबल फीस्ट' १९६४ चे, ते १ जानेवारी २०२५ पासून मोकळे झाले. 'आयलंड्स इन द स्ट्रीम' (१९७०) २०३० अखेरपर्यंत राखीव, 'द गार्डन ऑफ ईडन' (१९८६) २०४६ पर्यंत. पॅरिसच्या आठवणींचे 'अ मूव्हेबल फीस्ट' दोन पाठांत मिळते. १९६४ चा पाठ पत्नी मेरीने संपादित केला. २००९ चा 'पुनर्स्थापित' पाठ नातू शॉन हेमिंग्वेने हस्तलिखितांवरून लावला. प्रकरणांचा क्रम बदलला आहे, आणि हॅडली-पॉलीन प्रकरणातला मजकूर वेगळ्या तोलाचा आहे. शॉन हा पॉलीनच्या बाजूचा नातू, हे वाचताना ध्यानात असावे. पहिल्यांदा वाचणाऱ्याने १९६४ चा घ्यावा. त्याचा शेवट जास्त घट्ट आहे, आणि आता तो स्वस्तातही मिळू शकतो.

कागद, बांधणी आणि आपला पावसाळा

मृगापासून चतुर्थीपर्यंत घरातली हवा ओली असते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे ती कित्येक आठवडे त्याच्या बरीच वर असते. स्वस्त पुस्तकाचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन उजेडाने आणि ओलाव्याने पिवळे-तपकिरी पडते. मुखपृष्ठाला बाहेरून प्लास्टिकचा थर असतो, तो पाणी शोषत नाही. आतली बाजू शोषते आणि फुगते, म्हणून मुखपृष्ठ बाहेरच्या दिशेने वळते. त्यावर वजन ठेवून काही होत नाही, हवा कोरडी झाली की ते बरेचसे पूर्ववत होते.

दुकानात पाठीकडून पाहावे. फर्मे शिवलेले असतील तर कण्याच्या टोकाशी दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे दिसतात. नुसत्या गोंदाच्या बांधणीत सपाट कापलेली धार दिसते. दोनशे रुपयांत शिलाई मिळत नाही, ती अपेक्षा नको. पण गोंद एकसारखा लागला आहे का, ते मध्यावर उघडून बघावे. 'कट्ट' आवाज आला तर ती प्रत ठेवून द्यावी. मग सोळा-सोळा पानांनी पानक्रमांक तपासावेत. फर्मा गळणे, दुबार येणे किंवा उलटा लागणे हे दोष त्याच टप्प्यावर सापडतात. पान उजेडासमोर धरून मागची अक्षरे ठळक वाचता आली तर कागद फार पातळ आहे.

घरी कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नये, चार बोटे जागा सोडावी. चिरा ओल धरतो आणि मागच्या रांगेतली पुस्तके आधी जातात. पुस्तके गच्च खोचू नयेत. कसर लागल्यासारखी वाटली तर पुस्तक प्लास्टिकच्या बंद पिशवीत हवा काढून घालावे, घरगुती फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता दिवसभर तशीच राहू द्यावी, नाहीतर थंड कागदावर दव धरते. किडे याने मरतात, बुरशी मरत नाही. बुरशीसाठी कोरडी हवा, सावलीत पाने उघडून ठेवणे आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटकणे. कडक उन्हात पुस्तक वाळवले की गोंद सुटतो.

किनाऱ्यावरचा जुना बाजार

हणजुण, कळंगुट, पाळोळे या भागांत पर्यटक मागे ठेवून जातात ती पुस्तके शंभर-दीडशेला मिळतात, आणि हेमिंग्वे त्यात हमखास असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ब्रिटिश कागदी प्रती आज छापलेल्या देशी प्रतींपेक्षा मुद्रणात सरस आहेत: अक्षरजुळणी तपासलेली, तिरपा ठसा जागेवर, अर्पणपत्रिका शाबूत. त्यांचा दोष एकच, गोंद म्हातारा झालेला असतो. पाने सुटी होऊ लागली असतील तरीही कथासंग्रह असेल तर घ्यावा. पणजीत बाइंडर पुन्हा बांधून देतात, फक्त आतल्या समासाला कात्री किती लागणार ते आधी विचारावे. वास कुबट असेल, किंवा कडेला पांढरी-हिरवी पूड असेल, तर फुकट मिळाले तरी घरात आणू नये. ती बुरशी शेजारच्या पुस्तकांवर जाते.

फोनवर किंवा वाचनयंत्रावर वाचणाऱ्यांना हा सगळा व्याप नाही. कॅनडात तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमाने हेमिंग्वे २०१२ पासूनच मोकळा होता, त्यामुळे तिथल्या स्वयंसेवकांनी माणसांकडून तपासून घेतलेल्या ई-प्रती आहेत. त्यांत तिरपा ठसा आणि मोकळ्या जागा सांभाळलेल्या असतात. पुष्कळ छापील पुनर्मुद्रणांपेक्षा त्या विश्वासू आहेत.

घेण्याआधी पाठांची तुलना करायची असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. १८३२ पासूनची संस्था आहे. जुनी अमेरिकन किंवा ब्रिटिश प्रत हाती लागली तर 'बिग टू-हार्टेड रिव्हर'ची मधली पाने आणि 'किलिमांजारो'ची पहिली चार पाने फोनवर टिपून ठेवावीत, दुकानात ताडून पाहायला तेवढी पुरतात.

हजार-बाराशे रुपये खर्चायचे असतील तर ते असे: दीडशेचे 'द ओल्ड मॅन', जुन्या बाजारातले 'फिएस्ता', आणि उरलेले सगळे पैसे कथांच्या 'फिंका व्हिहिया' आवृत्तीवर. 'अ फेअरवेल टू आर्म्स' आणि 'फॉर हूम द बेल टोल्स' पुढच्या खेपेला. पावसाळ्यात पार्सलने मागवत असाल तर पुडके आले त्याच दिवशी उघडावे, फर्मे मोजावेत, अर्पणपत्रिका बघावी. परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते, आणि कोपरा एकदा ओलाव्याने फुगला की दोष छपाईचा होता हे दुकानदाराला पटवणे अवघड जाते.